काळतोंड्याचा कौल

चतुराबाईच्या घरी बिनकामाचं कुणी येत नसे. कामाचंही फारसं कुणी येत नसे, ही गोष्ट वेगळी. डोंगरकडा गावाच्या बाहेर, माळाच्या उतारावर तिचं एकटं घर. पुढं दगडी वाडगं, वाडग्यात मेंढरं, आणि मेंढरांच्या मागं ती. नवरा भिवाजी बहात्तरच्या दुष्काळात गेला. "मेंढरं निम्मी गेली, नवरा अख्खा गेला," असं ती सांगायची, आणि ऐकणाऱ्याला हसावं की गप्प बसावं ते कळायचं नाही.

एकुलता एक मुलगा रामकिशन परभणीला होता. परभणी म्हणजे काही विलायत नव्हे. सकाळी एस्टीत बसलेला माणूस दुपारच्या भाकरीला डोंगरकड्यात पोचतो. पण रामकिशन वर्षातून एकदा आला तर आला. जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण संपवून तो तिथंच पुढचं काहीतरी शिकत होता. काय शिकतो म्हणून गावानं विचारलं की चतुराबाई म्हणायची, "मेंढराच्या पोटाचं शिकून राहिला." मग विचारणारा हमखास म्हणायचा, "मेंढराच्या पोटात लेंड्यांबिगर काय हाय शिकायला?" तिलाही मनातून तसंच वाटायचं.

त्या घराची एक रीत होती. आल्या माणसाला पाणी देण्याआधी विचारायचं, "काय काम काढलं?" मेंढरं राखणारा माणूस कळप सोडून उगाच हिंडत नाही. कुणी दारात आलं म्हणजे कुठं लांडगा पडलेला असतो, कुणाचं जनावर चुकलेलं असतं, नाहीतर कुणीतरी मेलेलं असतं. भिवाजी सख्ख्या मेव्हण्यालाही हेच विचारायचा. त्यात राग नसे, लोभ नसे. दुसरीकडं "बरं हाय का" म्हणतात, तसं इथं "काय काम काढलं". मागच्या वर्षी रामकिशन न सांगता आला, तेव्हा चतुराबाईच्या तोंडून तेच निघालं. "काहून आलास? काय काम काढलं?" पोरगं उंबऱ्यात थबकलं. "काई न्हाई. असंच," म्हणालं, रात्र काढली आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलं. शिकलेल्या माणसाला घाई असते, एवढीच समजूत तिनं करून घेतली.

या खेपेला मात्र तो काम घेऊन आला. संक्रांत नुकतीच सरली होती, माळावर थंडी होती. एका हातात पत्र्याची पेटी आणि दुसऱ्या हातात रुंद तोंडाचा थर्मास घेऊन तो दारात उभा राहिला आणि तिनं विचारायच्या आत त्यानंच सांगून टाकलं.

"माय, एक मेंढा पायजे. तुझ्या कळपातला."

"कापायला?"

"कोठ्यासाठी. त्याच्या पोटातला चौथा कोठा पायजे, ताजा. काढला की या थंड औषधाच्या पाण्यात टाकायचा आन् लगोलग परभणीला पळायचं. उशीर झाला की मरतो त्यो."

"मेंढा मेल्यावर कोठा जित्ता कसा राहील रे?"

"राहतो. दोन-चार घंटे राहतो. मेंढा मेला हे कोठ्याला कुणी सांगितलेलं नसतं."

चतुराबाईनं थर्मासचं झाकण बोटानं ठोकून पाहिलं. मग तिनं विचारलं, "परभणीत मेंढरं न्हाईत व्हय?"

"हायेत. पण तुझ्या कळपाला माळाचं गवत. औषधपाणी कधी न्हाई. असा कोठा तिकडं मिळत न्हाई."

हे ऐकून तिला बरं वाटलं. आपल्या मेंढरांची परभणीपर्यंत गरज लागावी, हे काही थोडं नव्हतं. तिनं लगेच मेंढा सांगितला. काळतोंड्या. आई मेलेलं पिल्लू तिनं बोटानं दूध पाजून वाढवलं होतं, चांगला थोराड झाला होता. लेकासाठी द्यायचं तर त्यातल्या त्यात चांगलंच द्यावं.

"आन् मटण?" ती म्हणाली.

"तुमी खा. जळबाकाका हाय, भावकी हाय."

"आन् तू?"

"मला गाडी धरावी लागंल ना, माय."

तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. मेंढा आडवा झाला की लेक उभा राहणार. घरात मटण शिजत असेल, भावकी ताटं घेऊन बसली असेल, आणि ज्याच्यासाठी कापलं तो कोठ्याचा थर्मास मांडीवर घेऊन एस्टीत. रात्री भाकरी वाढताना तिचं पोट दुखत होतं. भिवाजी गेल्यापासून ते अधूनमधून असंच पीळ घालून दुखायचं. आवळलं की लवकर सुटायचं नाही.

आता कौलाचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. या घराण्यात कळपातलं जनावर कोणत्याही कारणानं कापायचं झालं तरी आधी म्हसोबाला विचारत. विचारायचं म्हणजे काय, तर जनावराला हळद-कुंकू लावायचं आणि तांब्यानं पाठीवर पाणी सोडायचं. जनावरानं अंग झाडलं, कानापासून शेपटीपर्यंत थरथरलं, की देवानं घेतलं. नाही झाडलं तर सुरी लावायची नाही. दीर जळबाचा या बाबतीत हात धरणारा कुणी नव्हता. मटणाला तो जितका आशाळभूत, तितकाच रीतीला कडक. "भिवाजीदादानं एक डाव कौलाबिगर सुरी लावली," तो बोट नाचवत सांगायचा, "त्या साली समदा कळप खुरकुतीनं बसला." प्रत्यक्षात त्या साली सगळ्या मुलखाची जनावरं खुरकुतीनं बसली होती, पण जळबाला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास चतुराबाईनं चुलीवर पाणी ठेवलं, लेकाच्या अंघोळीला. अंगणात जळबा दगडावर सुरी घासत बसला होता. तिनं कौलाचा तांब्या घेतला आणि रांजणाकडं गेली. रांजणातलं पाणी इतकं गार होतं की बोटं कळवळली. एवढं पाणी पाठीवर पडलं तर काळतोंड्या काय, म्हसोबाचा दगडसुद्धा अंग झाडील. तिनं अर्धा तांब्या भरला. मग ती चुलीपाशी आली आणि उरलेला अर्धा तिनं ऊन पाण्यानं भरला.

हे करायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. हात वळला आणि भरून मोकळा झाला. वाफ येत नाही ना, एवढं मात्र तिनं वाकून पाहिलं.

जळबानं हळद-कुंकू लावलं, देवाचं नाव घेतलं आणि पाणी सोडलं. काळतोंड्यानं डोळे अर्धे मिटले. थंडीच्या दिवसांत पाठीवर कोमट पाणी, त्याला सुख वाटलं असणार. त्यानं मान लांब केली आणि रवंथ चालू ठेवला. जळबानं पुन्हा पाणी सोडलं. पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण सगळ्यांनी ऐकलेली असते, जळबानं ती उभ्या मेंढ्यावर पाहिली.

"आरं झाड की अंग!" तो मेंढ्यावर खेकसला.

"देवाच्या कामात वरडू नगा, भावजी," चतुराबाई म्हणाली.

रामकिशन पुढं आला. त्यानं तिच्या हातात परत आलेला तांब्या घेतला, उरलेल्या पाण्यानं स्वतःचे हात धुतले, ओला हात तोंडावरून फिरवला. चतुराबाईला वाटलं, आता हा बोलणार. पण तो एवढंच म्हणाला, "राहू द्या काका. उद्या बघू."

त्याला काही कळलं नाही, म्हणून तिनं देवाला हात जोडले. देवाला फसवून पुन्हा देवालाच हात जोडायचे म्हणजे काय, हा विचार तिला शिवला नाही.

त्या दिवशी तो तिच्याबरोबर माळावर आला. किती वर्षांनी आला, ते तिलाही आठवेना. मेंढरं पांगली, दोघं बाभळीखाली बसली. काळतोंड्या नेहमीसारखा तिच्याजवळच चरत होता. रामकिशननं त्याला जवळ ओढलं आणि डाव्या भकाळीवर, बरगड्यांच्या मागच्या खळग्यात, मूठ दाबून धरली. लहानपणी तिनंच त्याला ते शिकवलं होतं. मूठ ठेवून गप्प राहायचं. थोड्या वेळानं आतून कोठा वळतो आणि मूठ वर उचलली जाते. उचलली की जनावर ठीक आहे.

"उचलली," तो म्हणाला, आणि लहानपणासारखा हसला.

"तिकडं हेच करतोस का रे दिसभर?"

"असंच म्हण. कोठ्याची एक पट्टी कापायची, औषधाच्या पाण्यात टांगायची. ती आपली आपण आकसती, सैल होती. तिला एक काडी बांधलेली असती. काडी काजळी धरलेल्या कागदावर रेघा मारती. मी त्या रेघा बघत बसतो."

"आन् आकसाय तिला कोण सांगतं? मेंढा तर मेला."

रामकिशन तिच्याकडं वळून बसला. असं कुणी विचारलं नव्हतं बहुतेक त्याला पुष्कळ दिवसांत. तो सांगू लागला. म्हणाला, मांस म्हणजे बारीक बारीक पेशी, एकेक पेशी म्हणजे एकेक घर. बाहेरून निरोप येतो, कधी मज्जातंतूतून, कधी रक्तातून. पण निरोप्या घरात शिरत नाही, दारातूनच सांगतो. आत विकरं असतात, म्हणजे कामकरीच म्हण. दारातला निरोप ऐकून त्यातलं एक विकर जागं होतं आणि आतल्या धाग्यावर ठिपका लावतं. आपण मेंढरांना गेरूचा ठिपका लावतो तसा. ठिपका लागला की धागा ओढला जातो, कोठा आकसतो.

"मग सैल कसा व्हतो?"

"दुसरं विकर असतं. ते ठिपका पुसतं. पुसला की सैल. एक लावतं, एक पुसतं, दोघांचा मेळ बराबर राहिला तर कोठा वळत राहतो. सैल व्हायचा निरोपबी येगळा असतो. तो आल्यावर लावणाऱ्याचा हात कसा आखडतो, ते मी शोधून राहिलो."

चतुराबाईनं विचार केला. "आन् पुसणारंच न्हाई आलं तर?"

"तर आकसलेलं आकसलेलंच राहतं. पीळ सुटत न्हाई."

तिचा हात नकळत स्वतःच्या पोटावर गेला. तिनं तो लगेच काढून घेतला आणि एका मेंढीला उगाच हाक घातली. मग म्हणाली, "आन् निरोप्या दारातूनच जातो म्हन. आत येऊन घोटभर पाणीबी पीत न्हाई?"

"न्हाई," रामकिशन म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "त्याचं काम झालेलं असतं ना."

तिनं विचारलं, तिकडं तुझ्यासंगं कोण असतं, तर म्हणाला, खोली हाय, खानावळ हाय, मशीन हाय. माणूस त्यानं एकही सांगितला नाही. हे तिच्या ध्यानात आलं आणि फार लागलं. ती इकडं एकटी, तो तिकडं एकटा, आणि मधे एवढीशी परभणी.

त्या सकाळी तांब्यात ऊन पाणी मिसळल्याचं तिला वाईट वाटत होतं. दुपारनंतर ते वाटेनासं झालं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच, तांब्यात निम्मं ऊन पाणी. जळबा या खेपेला चिडला. रात्री त्यानं भावकीत सांगून ठेवलं होतं, लोक भांडी घासून बसले होते. "तांब्यानं व्हत न्हाई," तो म्हणाला, "हिरीवरनं घागर आणतो आन् वततो डोक्यावरनं."

"घागर वतल्यावर कुणीबी अंग झाडील," चतुराबाई फणकारली. "त्यो कौल न्हाई, ती जबरदस्ती झाली. म्हसोबा का खुळा हाय?"

आयुष्यात तिनं दिराशी वाद घातला नव्हता आणि आज एकदम शास्त्र सांगायला लागली. जळबा आ वासून बघत राहिला. त्याला वाटलं, शिकलेला पुतण्या तरी आपली बाजू घेईल.

"माय बराबर बोलती, काका," रामकिशन म्हणाला. "देवाचं देवावर सोडा."

तो दिवस चतुराबाईच्या आयुष्यातला फार चांगला दिवस होता. रामकिशननं वाडग्याचा ढासळलेला कोपरा रचला. तिनं तिळाची चटणी कुटली, बाजरीच्या भाकरी केल्या, तो आणखी एक मागून जेवला. जेवून ओसरीवर जो झोपला तो तोंड उघडं टाकून, अगदी लेकरासारखा. माश्या बसू नयेत म्हणून ती पदरानं वारा घालत बसली. मेंढरं त्या दिवशी उशिरा सुटली आणि ओरडून ओरडून त्यांनी माळ डोक्यावर घेतला, पण ती उठली नाही.

उठल्यावर त्यानं तोंड धुतलं आणि म्हणाला, "उद्या जावंच लागंल, माय. कौल पडो नाहीतर न पडो. सर वाट बघत्याल."

"आन् तुझा कोठा?"

"बघू."

ते "बघू" तिला टोचलं. रात्रभर तिचा डोळा लागला नाही. आपण काय करून बसलो? पोरगं कामाला आलं, दोन दिवस त्याचं काम अडवून ठेवलं, आता हात हलवत जाईल. तिकडं त्याचे सर काय म्हणतील? मशीन रिकामं राहील. आई असून लेकाच्या पायात पाय घातला. पहाटे चुलीवर पाणी तापलं, पण तिनं तिकडं पाहिलं नाही. रांजणातून काठोकाठ गार पाण्याचा तांब्या भरला. काळतोंड्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला. मग पदराचा बोळा तोंडात धरून ती अंगणात आली.

जळबा हळद लावत होता. रामकिशन पेटीला पट्टा बांधून तयार होता. तो तिच्याजवळ आला, तांब्यात चार बोटं बुडवली आणि तशीच ठेवली. मग त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिला नजर देववेना. ती खाली बघत राहिली, जणू काय तांब्याचा काठ पहिल्यांदाच बघतेय.

"राहू द्या, काका," रामकिशन म्हणाला. "येळ झाला. गाडी चुकंल."

"आरं आज झाडील, माझं मन सांगतंय!" जळबा ओरडला.

"राहू द्या."

तो पाया पडला आणि रिकामी पेटी, रिकामा थर्मास घेऊन उतार उतरून गेला. वळणावर वळून त्यानं हात केला की नाही, ते तिला डोळ्यांतल्या पाण्यामुळं दिसलं नाही. जळबा मात्र सुरी कमरेला खोचून पुटपुटत गेला, की बायामाणसांच्या हातचं देवाला चालत नाही.

घर होतं तसं झालं. खरं म्हणजे आधीपेक्षा वाईट. आधी शांतता नुसतीच होती, आता ओसरीवर त्याच्या झोपण्याची जागा दिसत होती. तिचं पोट दिवसभर आवळून राहिलं. भाकरी उतरली नाही. पुसणारं काही आलं नाही.

संध्याकाळपर्यंत तिनं मनाशी ठरवलं. वारंगा फाट्यावर बाबूसिंगचा ट्रक थांबतो. बाबूसिंग जवळच्या तांड्यावरचा. आठवडी बाजारातली मेंढरं-बकरी भरून तो दर हप्त्याला परभणीच्या खाटीकखान्यात नेतो. त्याच्याबरोबर काळतोंड्या जिवंतच पाठवायचा. कौल नाही तर नाही, पाप आपल्या माथी. लेकाचं काम तर होईल.

सकाळी मेंढरं जळबाच्या हवाली करून, काळतोंड्याच्या गळ्यात दोरी घालून ती फाट्याची वाट चालू लागली. सडकेनं ट्रक जायचे तेव्हा काळतोंड्या तिच्या लुगड्यात तोंड खुपसायचा. फाट्यावर पोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. हॉटेलपुढं ट्रक उभा होता, मागं जनावरं दाटीवाटीनं ओरडत होती आणि बाबूसिंग चाकाला लाथा मारून हवा बघत होता.

"काय मावशी, काय काम काढलं?" तो म्हणाला.

"एवढा मेंढा परभणीला न्यायचा, बाबा. माझ्या लेकाला द्यायचा. जनावराच्या कालेजात असतो. पत्र्याची पेटी असती त्याच्यापाशी."

"पेटीवाला डाक्टर?" बाबूसिंगनं लाथ मारायची थांबवली. "रामकिसन? तो तुमचा पोरगा व्हय? आरं वा! त्याला कशाला मेंढा, मावशी?"

"त्याला कोठा लागतो. ताजा. माळावरच्या मेंढराचा."

बाबूसिंग हसायला लागला. वाईट नव्हतं ते हसणं, पण मोठं होतं. "त्याला काय कोठ्याची तकलीफ? दर हप्त्याला पहाटे खाटीकखान्यात हजर असतो. माझ्याच गाडीतल्या मेंढरांचे कोठे नेतो. दोन साल झाले. खाटीक त्याला उचलून देतो, बाकी कोण खातं ते? पायजेल तितके नेतो." तो फडक्यानं हात पुसत पुढं म्हणाला, "मागच्या हप्त्यात मलाच म्हनला, बाबूसिंग, या खेपेला कोठा नको, मायकडं चाललो. मी म्हनलं, काय काम काढलं? तर म्हनला, तेच सुचून नाही राहिलं."

चतुराबाई ट्रकच्या सावलीत खाली बसली. बाबूसिंगला वाटलं चालून दमली, त्यानं हॉटेलवाल्याला चहा सांगितला.

चहा आला, निवला. तिच्या डोळ्यांपुढं तांब्या होता. पहिल्या सकाळी त्यानं त्याच पाण्यानं हात धुतले, तोंडावरून फिरवले. पाणी कोमट आहे हे कळायला काही डॉक्टर व्हावं लागत नाही. त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आणि तो काही बोलला नाही, राहिला. दुसऱ्या दिवशी घागरीचं निघालं तेव्हा तिच्या बाजूनं बोलला. कोठ्याचं काम नव्हतंच. काम म्हणजे उंबऱ्यात सांगायला आणलेलं काहीतरी, कारण या घरात बिनकामाच्या माणसाला आत यायची वाट तिनंच ठेवली नव्हती.

आणि तिसऱ्या दिवशी? तिसऱ्या दिवशी त्यानं बोटं बुडवली, तर पाणी गार. तिनं त्याच्या कामासाठी काळजावर दगड ठेवून भरलेलं. त्याला काय वाटलं असेल? झालं, माय म्हणते, तुझं काम घे आणि जा.

तिला मोठ्यानं रडू आलं. फाट्यावरची चार माणसं वळून बघू लागली, तरी तिनं आवरलं नाही. काळतोंड्या तिच्या खांद्याला नाक लावून उभा राहिला.

बाबूसिंग अवघडून गेला. "मावशी, आवो मावशी. मेंढा नेतो की. रडता काहून? फुकट नेतो."

"मेंढा न्हाई न्यायचा," तिनं पदरानं तोंड पुसलं. "निरोप न्यायचा."

"सांगा."

ती बोलायला गेली आणि अडली. पाण्याचं सांगावं, तांब्याचं सांगावं, तुला कळलं होतं हे मलाबी कळलं म्हणून सांगावं. पण एवढं लांबण दुसऱ्याच्या तोंडी कसं द्यायचं? खाटीकखान्याच्या दारात, पहाटेच्या गडबडीत, हा माणूस काय सांगणार आणि तो काय ऐकणार?

"त्याला म्हणावं," ती म्हणाली, "बिनकामाचा ये."

"बस? एवढंच?"

"एवढंच. म्हणून दाखव बरं."

"बिनकामाचा ये," बाबूसिंगनं शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवलं. मग तो बादली घेऊन ट्रकच्या इंजिनात पाणी भरायला लागला. साध्या गार पाण्याची बादली, त्याचं बोलण्याकडं लक्ष, निम्मं पाणी काळतोंड्याच्या पाठीवर सांडलं. काळतोंड्यानं अंग झाडलं. कानापासून शेपटीपर्यंत, असं खणखणीत की तिच्या लुगड्यावर शिंतोडे उडाले.

तांड्यावरच्या माणसाला कौल काय ते सांगावं लागत नाही. "घ्या मावशी, यानं तर झाडलं!" बाबूसिंग म्हणाला. "आता?"

"आता काई न्हाई," चतुराबाई म्हणाली. "आता घरी जायचं."

ट्रक धूळ उडवत गेला. निरोप दारापर्यंत पोचेल की वाटेतच सांडेल, आणि पोचला तर आत कुणी जागं होईल की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता. तिनं निवलेला चहा पिऊन टाकला, दोरी हातात घेतली आणि डोंगरकड्याची वाट धरली. ओला काळतोंड्या उन्हात वाळत वाळत तिच्या मागून चालला होता. घरी कुणी वाट बघत नव्हतं, म्हणून दोघंही सावकाश चालली.